खरवडलेली जागा

"ओडी! ओडी!"

फाटकाबाहेरून हाक आली तेव्हा मी सॅम्युएलच्या स्वेटरची बटणं ओढून पाहत होते. परदेशी थंडीत एक बटण तुटलं तरी पोराची छाती उघडी पडेल, असली काळजी. नऊ वाजले होते. बारा वाजता मोटार निघायची होती आणि तिच्यातून सव्वादोन वर्षांचा सॅम्युएल कायमचा जायचा होता.

तिकडे आफ्रिकेत, मलावीत, दार वाजवत नाहीत. अंगणाबाहेर उभं राहून 'ओडी' म्हणायचं. आतून 'ओडीनी' असं उत्तर आलं की मगच पाऊल टाकायचं. उत्तर आलं नाही तर माणूस उन्हात बसून राहील, पण आत येणार नाही. आमच्या नगरकडची माणसं सरळ स्वयंपाकघरात येऊन "चहा टाकला का?" विचारतात, त्यामुळे मला या रीतीचं सुरुवातीला फार कौतुक होतं.

"कोण गं?" मी एनेलेसीला विचारलं.

एनेलेसी आमच्या बालगृहातली सगळ्यात जुनी दाई. सगळी पोरं तिच्या पाठीवर वाढलेली. ती फाटकापर्यंत जाऊन आली आणि दारातच थांबली.

"कालचीच बाई आहे, अमाई." तिकडे मला सगळे अमाई म्हणत, म्हणजे आई. "काल पहारेकऱ्यानं परत पाठवली होती. रात्री बाजारात झोपली म्हणे."

"काय हवंय तिला?"

"मूल न्यायला आलीय. मुलाचं नाव मसाऊत्सो."

माझ्या हातातलं स्वेटर तसंच राहिलं. मी खाटेवर बसले.

"सांग तिला," मी म्हणाले, "त्या नावाचं मूल इथं नाही."

एनेलेसी हलली नाही. "अमाई, नक्की?"

"वहीत बघ हवं तर."

"मला वाचता येत नाही, अमाई," ती म्हणाली. "तिला पाणी नेऊन देते." आणि गेली.

आज अडतीस वर्षं झाली. 'नाही' म्हणायला मला किती वेळ लागला ते मी पुष्कळदा मोजून पाहिलं आहे. एका श्वासाचाही नाही.

आम्ही दोघं, मी आणि माझे यजमान रेव्हरंड शांतवन हिवाळे, नगर सोडून तिकडे गेलो ते एका परदेशी मिशनच्या बोलावण्यावरून. मी नर्स, ते पाळक; सगळे त्यांना साहेब म्हणत, मीही. एका टेकडीवर लाल मातीच्या विटांचं बालगृह होतं, शेजारी दहा खाटांचं बाळंतिणींचं दालन. ज्यांना कुणी नाही अशी पोरं आणि ज्यांना जायला जागा नाही अशा ओल्या बाळंतिणी. साहेब कागदपत्रं आणि उपासना बघत, बाकीचा गाडा मी ओढत असे. मी कामाला वाघीण होते, हे खोट्या विनयानं लपवणार नाही. तिथल्या बाळंतिणींना मी अळीव मिळेना म्हणून शेंगदाण्याची पेज प्यायला लावली, शेगडीचा शेक दिला, त्यांच्या सासवांशी भांडले. माझ्या हाताखाली पोरं बाळसं धरत. त्याचा मला गर्वही झाला होता.

सॅम्युएलच्या हृदयाला जन्मतः छिद्र होतं. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि म्हणाले, "कदाचित आपोआप बुजेल, कदाचित नाही. नाही बुजलं तर इथं शस्त्रक्रिया होत नाही." तेव्हापासून पोरगं जरा धावलं तरी माझा जीव टांगणीला. अशात लॉरिमर जोडपं आलं, स्कॉटलंडचं. मूलबाळ नाही, मनानं चांगली माणसं, आणि त्यांच्या गावाजवळ लहान मुलांच्या हृदयाचं रुग्णालय. साहेबांनी आठ महिने खपून कागद केले. कायद्याप्रमाणे तीन महिने जाहीर पुकारा करावा लागला. मुखियाच्या आवारात, आमच्या देवळात म्हणजे चर्चमध्ये, बाजारात वाचून दाखवायचं: अमुक नावाचं, अमक्या वयाचं मूल मिशनकडे आहे, नातेवाइकानं पुढे यावं. कुणीही आलं नाही. मॅजिस्ट्रेटनं सही केली. मिसेस लॉरिमर तीन आठवडे आमच्याकडेच राहिल्या. त्याला आंघोळ घालायच्या, भरवायच्या. आधी तो रडे, मग त्यांच्या मागं मागं फिरायला लागला.

आणि पुकारा कुठल्या नावाचा झाला होता? सॅम्युएलच्या. ते नाव त्याला मी ठेवलं होतं.

मी फाटकाशी गेले. का गेले ते सांगता येत नाही. एनेलेसी परत आली नाही म्हणूनही असेल.

बाई जमिनीवर पाय लांब करून बसली होती. वय पंचवीसच्या आसपास, पण हाडं वर आलेली, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. पाठीवर पोर बांधायचं कापड तिनं घडी करून मांडीवर ठेवलं होतं. नवंकोरं कापड, पिवळ्या पक्ष्यांचं. मला बघून ती गुडघ्यावर आली, तिकडच्या बायका मोठ्यांपुढे येतात तशी.

"तुझं नाव काय, बाई?"

"एलुबी, अमाई."

"तुझं मूल इथं कसं आलं?"

"मला रक्ताची उलटी झाली. क्षयाच्या दवाखान्याची गाडी आली, त्यांनी पोराला सोबत घेऊ दिलं नाही. शेजारीण म्हणाली, टेकडीवर एक भारतीय अमाई आहे, तिच्याकडे ठेवते. मका गुडघ्याएवढा होता तेव्हा. परवाच्या वर्षी."

ती शेजारीण मला स्वच्छ आठवत होती. भर पावसात आली होती, सायकलवर, पुढच्या टोपलीत गुंडाळलेलं सात महिन्यांचं पोर. साहेब तेव्हा दौऱ्यावर होते. तिनं घाईघाईनं नाव सांगितलं, आई आजारी आहे, बरी झाली की येईल म्हणाली आणि निघून गेली. आईचं नाव विचारायला मी दाराशी धावले तोवर सायकल उतारावर होती.

"मग इतके दिवस?"

"आधी एक दवाखाना, मग दुसरा. मग भावानं त्याच्या गावी नेलं. अंगात चालायची ताकद येईपर्यंत थांबले." ती कापडाच्या घडीवर हात फिरवत होती. "भावानं बाजारात पुकारा ऐकला होता, टेकडीवर एक मूल आहे म्हणून. मला येऊन म्हणाला, पण तो कुणी सॅम्युएल आहे, आपला नव्हे."



"असलं नाव का ठेवलंस गं पोराचं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच चिडका वाटला. "मसाऊत्सो म्हणजे दुःख ना?"

"त्याच्या आधी तीन गेली, अमाई," ती म्हणाली. "चांगली नावं ठेवली होती तिघांची. म्हणून याला दुःख म्हटलं. मरण दारात आलं तर म्हणेल, इथं आधीच आहे, पुढच्या घरी जावं."

आमच्या गल्लीत एक धोंडू होता आणि एक केरबा. केरबाला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून उचलून आणलं होतं, आधीची जगली नाहीत म्हणून. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी त्या पावसाळी दिवशी एनेलेसीनं अर्थ सांगितला तेव्हा मी म्हणाले होते, "प्रभूच्या घरात दुःख नावाचं लेकरू? शोभतं का?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या दाढीच्या ब्लेडनं वहीतलं नाव खरवडून काढलं, त्या जागी सुरेख अक्षरात 'सॅम्युएल' लिहिलं. बायबलातल्या हन्नानं देवाजवळ मागून घेतलेलं लेकरू. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

"काय चाललंय इथं?" मागून साहेबांचा आवाज आला.

मी त्यांना मराठीतून सांगितलं, पण अर्धंच. एक बाई आलीय, मूल मागतेय, मसाऊत्सो म्हणून कुणी.

"अशी आपल्याकडे महिन्याला एक येते, दया. मागच्या वेळची आठव. दुधाच्या पावडरीसाठी दुसरीचं पोर आपलं म्हणत होती." पण ते मुळात मऊ मनाचे. बाईकडे वळून तिकडच्या चिचेवा भाषेत, तोडक्यामोडक्या, म्हणाले, "त्या नावाचं मूल आमच्या वहीत नाही, बाई. आत येऊन बघ हवं तर. तुझी खात्री होऊ दे."

"अहो, आत कशाला?" मी म्हणाले.

"का? बघू दे की. बिचारी दोन दिवस उन्हात बसलीय."

एलुबी आत आली. अंगणात पंधरावीस पोरं होती. ती हळूहळू चालत प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. मी मनात प्रार्थना करत होते आणि काय मागत होते ते सांगायची मला आजही लाज वाटते. तिला तो ओळखू येऊ नये, एवढंच मागत होते. डॉक्टरांचं बोलणं कानात होतं. मी गप्प बसले तर पोरगं जगेल, मी स्वतःला सांगत होते. माझी अब्रूही राहील, हे मात्र सांगत नव्हते.

व्हरांड्यात मिसेस लॉरिमरच्या मांडीवर सॅम्युएल बसला होता. नवे मोजे, केस ओले करून विंचरलेले. दोघं एक डबी उघडायचा आणि मिटायचा खेळ खेळत होती. एलुबी व्हरांड्यापासून दहा पावलांवर थांबली, आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"मसाऊत्सो," ती म्हणाली.

पोरगं डबीत गुंतलेलं.

"मसाऊत्सो!"

अंगणातली सगळी पोरं तिच्याकडे बघायला लागली. तेवढं एक वळलं नाही. तिनं तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा आवाज फाटला. मिसेस लॉरिमरना काही कळेना. त्यांनी घाबरून पोराला जवळ घेत म्हटलं, "सॅम्युएल?" आणि तो लगेच मान वर करून हसला.

साहेबांनी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हटलं, "बघितलंस? वळलंसुद्धा नाही. तिचं असतं तर नावाला तरी वळलं असतं. एनेलेसीला सांग, तिला जेवायला घालून पाठव. बारा वाजत आले."

माझी आजी मात्र प्रत्येक हाकेला वळायची.

ही माझ्या आईची आई. एकोणीसशे सालच्या मोठ्या दुष्काळात मिशनच्या गाडीनं तिला रस्त्याकडेहून उचललं, पाचसहा वर्षांची होती. तिला जेवू घातलं, जगवलं, शिकवलं. त्यांचे उपकार आमच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या फिटणार नाहीत, मी त्यांच्यामुळेच आहे. त्यांनी तिचं नाव मार्था ठेवलं. आधीचं काय होतं ते कुणी लिहून ठेवलं नाही आणि ती विसरली. मी लहानपणी तिच्याबरोबर बाजाराला जायची. बाजारात कुठलीही बाई आपल्या पोरीला हाक मारायची, "अगं ठके", "ए चिंगे", की आजी थांबायची. पाटी डोक्यावर तशीच. ते नाव ती हळूच स्वतःशी म्हणून बघायची, मग मान हलवायची आणि चालू लागायची. मला वैताग यायचा. मी म्हणायची, "आजी, तुला नाही हाक मारली, चल ना." सत्तरी उलटली तरी तिची ती सवय गेली नाही.

मला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून मी ब्लेड घेतलं होतं.

"अहो," मी म्हणाले, "ते पोर तिचं आहे."

"काय?"

"मसाऊत्सो तोच. नाव मी बदललं. तुम्ही दौऱ्यावर होता. पुकारा आपण भलत्याच नावाचा केला."

साहेबांचा चेहरा असा उतरला की मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. "तू शुद्धीवर आहेस का?"

"या."

मी त्यांना कचेरीत नेलं, वही काढली, ते पान खिडकीशी उजेडात धरलं. 'सॅम्युएल' या अक्षरांमागं कागद घासून पातळ झाला होता. त्या पातळ जागेतून जुन्या शाईच्या रेघा दिसत होत्या, पुसट, पण माझ्याच वळणाच्या. साहेबांनी चष्मा वर करून वाचलं. मग वही मिटली.

"मॅजिस्ट्रेटला मी काय तोंड दाखवू?" ते म्हणाले. "आणि त्या बाईंना? तीन आठवडे त्या पोराला उराशी धरून बसल्यात. आणि दया, त्याचं हृदय?"

"माहीत आहे मला."

"ही आईच पुरती बरी झालेली नाही. काय खायला घालणार? काही झालं पोराला तर?"

"तर ते आपल्या माथी. पण ती जिवंत असताना तो अनाथ आहे असं मी लिहून देणार नाही."

 मला वाटलं, संतापून निघून जातील. पण ते म्हणाले, "चल. तू सांग. मी शेजारी उभा राहतो."

मी मिसेस लॉरिमरना सांगितलं. सगळं, ब्लेडसकट. त्यांचे यजमान मोटारीत सामान लावत होते, ते तसेच पेटी हातात धरून उभे राहिले.  मिसेस लॉरिमरनी पोराच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं. मग त्याला खाली ठेवलं, अगदी सावकाश, जणू भांडं काठोकाठ भरलेलं आहे.

"तुम्हाला हे तीन आठवड्यांपूर्वी माहीत होतं," त्या मला म्हणाल्या.

"नाव माहीत होतं. ही जिवंत आहे ते नव्हतं."

"तुम्ही शोधलं नाही."

मी क्षमा मागितली. त्यांनी ती दिली नाही. मोटारीत बसल्या आणि काच वर केली. मला तेव्हाही राग आला नाही आणि आजही त्यांचंच बरोबर वाटतं.

मोटार गेल्यावर सॅम्युएलनं असं रडं मांडलं की बाळंतिणी उठून बाहेर आल्या. एलुबी त्याला जवळ घ्यायला गेली तर तो तिला ढकलून एनेलेसीच्या कमरेला बिलगला. एलुबी जमिनीवर बसली. ओरडली नाही, ओढाताण केली नाही. तास गेला, दीड तास गेला. मी भात कालवून आणून दिला, तो तिनं त्याच्यापुढे धरला, त्यानं खाल्ला नाही. मग तिनं मला विचारलं, "अमाई, तुम्ही त्याला काय म्हणता?"

"सॅम्युएल."

तिनं ते नाव दोनतीनदा पुटपुटून पाहिलं. तिच्या जिभेला जड जात होतं. मग ती म्हणाली, "सॅम्युएल."

पोरगं वळलं.

मी तोंडाला पदर लावून आत पळाले. ज्या नावानं तिचं पोर हिरावलं जाणार होतं, तेच नाव ती त्याच्यासाठी शिकली. मला तिनं एक वाकडा शब्दही ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

आठ दिवस ती आमच्याकडेच राहिली. दररोज त्याला हाक मारायची, एकदा सॅम्युएल, एकदा मसाऊत्सो, पाठोपाठ, कंटाळा न करता. नवव्या दिवशी पिवळ्या पक्ष्यांच्या कापडात तो तिच्या पाठीवर बांधला गेला आणि ती टेकडी उतरून गेली. ठरल्याप्रमाणे दर सहा महिन्यांनी ती त्याला डॉक्टरांकडे घेऊन यायची. सहाव्या वर्षी डॉक्टर म्हणाले, छिद्र बुजलं. असं पुष्कळदा होतं म्हणे. होत असेल. मी तोवर दररोज पहाटे उठून त्या पोराची छाती मनातल्या मनात ऐकली होती.

पण मला सांगायचं आहे ते एलुबी गेली त्या संध्याकाळचं. मला वाटत होतं, चला, एक मोठं पाप टळलं. मी चहा केला. साहेब कचेरीतून आले, बगलेत ती वही. टेबलावर ठेवली आणि पानं उलटत, एकेक उजेडात धरत बसले. मी कपात चहा ओतत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दया," ते म्हणाले, "अशी आणखी किती नावं खरवडलीस?"

मी किटली खाली ठेवली. चाळीस पोरांतली अकरा. काही नावांचे अर्थ मला अशुभ वाटले होते, काही देवाधर्माला सोडून वाटली होती, काही नुसतीच म्हणायला अवघड. कुठल्याच वेळी मला वाईट वाटलं नव्हतं. सॅम्युएलच्या वेळी निदान ब्लेड बोथट होतं. बाकीच्या जागी मी काम चोख केलं होतं, कागद अगदी कोरा निघाला.

"लिही," त्यांनी टाक पुढे केला. रागावले नव्हते. "आठवतील तशी लिही. एनेलेसीला पण बोलाव."

आम्ही तिघं बसलो. एनेलेसी एकेक पोर आठवायची, ते कुणी आणलं, अंगावर काय होतं, ते सांगायची. मग कधी तिला नाव सुचायचं, कधी मला. दिवा लावायची वेळ होईपर्यंत सात नावं लिहून झाली.

चार आठवली नाहीत.

ती पोरं आता चाळिशीत असतील. हल्ली आम्ही नगरला असतो, साहेब जाऊन सहा वर्षं झाली. मी भाजी आणायला बाजारात जाते. कुणी कुणाला हाक मारली की मी थांबते, पिशवी हातात तशीच. माझी नात वैतागते. म्हणते, "आजी, तुला नाही हाक मारली, चल ना."